स्तनाचा कॅन्सर : मुंबईला न्यावं की इकडेच उपचार करावेत? मराठवाड्यातले अनुभव हवेत

कापूसकोंडी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आई ५२ वर्षांची. मानवत तालुक्यातल्या आमच्या गावी भाऊ-वहिनीजवळ असते, मी पुण्यात. डाव्या बाजूला गाठ लागत होती, पण दुखत नाही म्हणून तिनं दिवाळीपासून कुणाजवळ तोंड उघडलं नाही. वेचणी उरकल्यावर वहिनीला सांगितलं. परभणीला मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी झाली. रिपोर्टवर 'इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३' लिहिलंय. काखेतही एक गाठ आहे. ईआर, पीआर, हर-टू म्हणून काही तपासायला पाठवलंय, ते यायचंय.

घरात जितकी तोंडं तितकी मतं. डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात ऑपरेशन उरकून टाकू. मामा म्हणतो टाटाशिवाय कुठे हात लावू देऊ नका. भाऊ म्हणतो संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, महात्मा फुले योजनेत बसेल. मोठी आत्या म्हणते सुई टोचली तिथंच घात झाला, आता ते अंगभर पसरणार. आईला 'गाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय.

कुठे न्यावं? एकूण किती काळ चालतं? आणि आईला सांगावं का? ज्यांनी घरी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

गोदाकाठ
कापूसकोंडी, मी नांदेडची, शाळेत शिकवते. मला स्वतःला हा आजार होऊन गेला, त्यामुळे हक्काने लिहिते.

ते बाकीचे तीन रिपोर्ट हातात येईपर्यंत पुढच्या आठवड्याच्या ऑपरेशनला हो म्हणू नका. काखेत गाठ असेल तर बऱ्याचदा आधी केमो देतात आणि मग ऑपरेशन करतात. माझं तसंच झालं. मीही 'आधी काढून टाका' म्हणून हट्ट धरला होता, कारण अंगात ती गाठ आहे हे माहीत असताना झोप लागत नाही. पण आधी केमो दिल्यानं औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांनी दिसतं. गाठ हाताला लहान लागायला लागली त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले. पोरांना सांगितलं, बाईंचा वाढदिवस आहे.

काळाचं म्हणाल तर केमो, ऑपरेशन, रेडिएशन हे सगळं धरून आठ-नऊ महिने ते वर्ष. पुढे गोळ्या असतील तर त्या पाच ते दहा वर्षं. म्हणून 'कुठे न्यावं' यापेक्षा 'वर्षभर कुठे जाणं झेपेल' असा प्रश्न विचारा.

देवगिरी_एक्सप्रेस
मामांच्या बाजूनं लिहितो. बायकोला आम्ही टाटालाच नेलं, जालन्याहून. पहिल्या दिवशी परळला गेटवरची गर्दी बघून वाटलं की अर्धा देश आजारी आहे. पण तिथं एका टेबलाभोवती सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले बसून तुमची फाईल बघतात, ही गोष्ट आपल्याकडे दुर्मिळ.

तोटाही सांगतो. खरा खर्च औषधाचा नाही, राहण्या-खाण्याचा. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पेशंटची सोय होते, पण तिथंही नंबर लावावा लागतो. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. हे आम्हाला तिसऱ्या खेपेला गाडीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं.

उस्मानाबादी_बोकड
वाचतोय. ताई, धीर धरा. आमच्या धाग्यावरच्या सगळ्या टवाळ्या आज बंद.

शल्यचिकित्सक
मी सर्जन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही, पण काही गोष्टी ठामपणे सांगू शकतो.

आत्याबाईंना सांगा, सुईच्या बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरवताच येत नाही. पसरतो तो वेळ घालवल्यानं. मी गावाकडे बघितलेल्या बायकांपैकी कितीतरी सुईच्या भीतीनं घरी बसल्या आणि गाठ कातडीतून बाहेर आल्यावर परत आल्या.

दुसरं, प्रत्येकीचा स्तन काढावाच लागतो असं नाही. गाठ लहान असेल किंवा केमोनं लहान झाली तर फक्त गाठ काढून स्तन वाचवता येतो. त्यानंतर रेडिएशन मात्र घ्यावंच लागतं. बरं होण्याच्या दृष्टीनं दोन्ही मार्ग सारखे. आपल्याकडे 'काढूनच टाका, कटकट नको' म्हणणारे नवरे आणि सर्जन दोन्ही भरपूर आहेत. तुम्ही विचारा तरी.

ईआर-पीआर म्हणजे ट्यूमर हार्मोनवर वाढतो का. पॉझिटिव्ह असेल तर ती बरी बातमी, कारण गोळ्यांचा उपयोग होतो. हर-टू म्हणजे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते पॉझिटिव्ह असेल तर वेगळं इंजेक्शन, साधारण वर्षभर. हर-टू दोन प्लस आलं तर गोंधळू नका, 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करून हो की नाही ते ठरवतात. केमो सुरू करण्याआधी हृदयाचा टू-डी एको करून घ्या.

बांधावरून
डॉक्टरसाहेब बरोबर बोलायलेत. रान न बघता फवारणी केली तर पैसा बी जातो अन् पीक बी. आधी रिपोर्ट येऊ द्या.

निसर्गवैद्य
केमो हे विष आहे. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी फक्त गोमूत्र अर्क, हळद आणि पपईच्या पानांचा रस घेऊन गाठ विरघळवली. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो. पत्ता हवा असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

उस्मानाबादी_बोकड
वर टवाळ्या बंद म्हणालो होतो, माफी असावी. वैद्यबुवा, त्या ताईंचा बायोप्सी रिपोर्ट आधीचा आणि नंतरचा इथे चिकटवा, मग आम्ही सगळे पपईच्या बागेत मुक्कामाला येतो.

निसर्गवैद्य
रिपोर्टवर आमचा विश्वास नाही.

उस्मानाबादी_बोकड
मग विषय मिटला.

गोदाकाठ
मिटला नाही, मी गंभीरपणे लिहिते. माझ्यासोबत केमोला बसणारी कंधारकडची एक बाई दुसऱ्या डोसनंतर असल्याच अर्कापायी थांबली. परत आली तेव्हा लिव्हरमध्ये गेलं होतं. हळद भाजीत टाका, कोण नाही म्हणतंय. पण केमो चालू असताना कसलाही काढा डॉक्टरांना न विचारता देऊ नका. आणि साखर बंद केल्यानं ट्यूमर उपाशी मरत नाही, पेशंटच वाळतो.

कुंथलगिरीचा_पेढा
आमचं धाराशिव जिल्ह्यातलं गाव, भूम तालुका. माझ्या आईचं सगळं बार्शीला झालं, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. धाराशिव, बीड, लातूर इकडच्या लोकांना ते मुंबईपेक्षा कितीतरी सोयीचं. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ पासून गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. आमच्याकडे त्यांची माणसं घरी येऊन विचारून जायची, तेव्हा लहानपणी आम्हाला वाटायचं हे जनगणनावाले.

आईला सकाळच्या एसटीनं न्यायचं, केमो लावायची, संध्याकाळी घरी. रात्री ती आपल्या अंथरुणात झोपायची. तुम्ही परभणीचे, तुम्हाला बार्शी लांब पडेल, पण मुद्दा तोच. जवळचं बघा.

केमोचं थोडं लिहितो कारण कुणी आधी सांगत नाही. पहिल्या चार डोसमध्ये लाल रंगाचं औषध असतं, दर तीन आठवड्यांनी. त्या दिवशी लघवी लाल होते. आमची आई घाबरून रडली, रक्त जातंय म्हणून. उलटीच्या गोळ्यांनी पोट गच्च होतं. तोंडाला चव राहत नाही, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं. तिखट खाणारी बाई, ठेच्याशिवाय भाकरी मोडायची नाही, तिला तोंड आल्यामुळे वरणसुद्धा झोंबायचं. मग ज्वारीच्या कण्या, ताकातली गरम आंबील, उकडलेलं अंडं. पुढे दर आठवड्याची बारा इंजेक्शनं झाली, त्यात उलट्या कमी पण हातापायाला मुंग्या. तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसलेला कळायचा नाही.

लातूरचा_मारवा
आंबील म्हणाल्यावर राहवलं नाही. येळवस (शेतात साजरी होते ती वेळ अमावस्या) सोडून आंबील बनवणं आमच्याकडे पाप समजतात.

कुंथलगिरीचा_पेढा
तिच्या केमोच्या मधेच येळवस आली होती हो. शेतात जायचंच म्हणून बसली. डॉक्टर म्हणाले जा, पण गर्दीत नको आणि आदल्या दिवशीची आंबलेली आंबील नको. तर हिनं कोपीजवळ बसून सगळ्यांना वाढलं आणि स्वतः घरून नेलेलं गरम वरण-भात खाल्लं. पांडवांना नैवेद्य मात्र आदल्या दिवशीच्याच आंबिलीचा.

परभणीकर
आमच्याकडे येळवस नसते, त्यामुळे आम्ही या वादात तटस्थ. कापूसकोंडी, मीही परभणीचाच. संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आमखास मैदानाजवळ आहे. केमो, ऑपरेशन, रेडिएशन तिथं होतं. गर्दी भयंकर, मराठवाडा सगळा आणि बुलढाणा-जळगावचेही लोक तिथंच येतात. सकाळी लवकर पोचा. रेडिएशनला रोज जावं लागतं, आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन आठवडे, कधी पाच. तेवढ्यापुरती खोली किंवा नातेवाईक बघून ठेवा, परभणीहून रोज जाणं-येणं माणसाला मोडून टाकतं.

योजनेचं : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पिवळं, केशरी कार्ड चालतंच, शिवाय मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर आधीपासून लाभ आहे. हॉस्पिटलात गेल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला माणूस, गाठा. योजनेतल्या यादीत ते हॉस्पिटल आहे का आणि कोणकोणते उपचार त्यात बसतात ते त्यालाच विचारा. निदानापर्यंतच्या तपासण्यांचा खर्च आमच्या खिशातून गेला, तेवढी तयारी ठेवा. कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करता येतो.

एका खाजगी ठिकाणी आम्हाला 'योजनेत जागा नाही, रोख भरा तर उद्याच करतो' असं सांगितलं होतं. नाव लिहीत नाही. असं कुणी म्हणालं तर थेट दुसरीकडे चला.

देवगिरी_एक्सप्रेस
आईला सांगण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी म्हणेन आत्ताच नका सांगू. माझ्या वडलांना (वेगळा कॅन्सर) सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून जेवण सोडलं होतं. केमो सुरू झाली की हळूहळू कळतंच.

गोदाकाठ
देवगिरी, पूर्ण असहमत. हॉस्पिटलच्या पाटीवरच लिहिलंय की ते कॅन्सरचं आहे. आईला वाचता येतं ना? आणि वाचता येत नसेल तर बाकड्यावर शेजारी बसलेली बाई पहिल्या दहा मिनिटांत विचारते, 'तुमचा कुठं हाय?'

बायकांना घरच्यांपेक्षा आधी कळलेलं असतं. मला लपवलं असतं तर राग आला असता की माझ्या अंगाचं माझ्यावाचून सगळ्यांना ठाऊक. आणि व्यवहाराचं सांगते. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात. त्या दिवसांत १००.४ च्या वर ताप गेला तर क्रोसीन घेऊन झोपायचं नसतं, त्याच रात्री दवाखाना गाठायचा असतो. आपल्याला काय झालंय हे ठाऊक नसलेली बाई ताप अंगावर काढते. सगळ्या तर तशाच वाढल्यात.

ज्वारीची_थालीपीठं
गोदाकाठशी सहमत. सासूबाईंना आम्ही सांगितलं, तर म्हणाल्या, 'मला वाटलंच होतं. आता धाकटीचं लग्न आधी उरका.' तिथं मात्र आम्ही ठाम राहिलो. लग्न पुढे ढकललं. पाहुण्यांनी काय काय बोललं ते लिहीत नाही, पण मुलाकडचे थांबले. ज्यांना थांबवत नाही त्यांच्याकडे मुलगी द्यायचीच कशाला.

केसांचं पण सांगून ठेवा ताई. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत पुंजक्यानं जातात. आमच्याकडे बोडकं डोकं म्हटलं की जुन्या बायकांच्या मनात नको ते येतं, त्यामुळे सासूबाईंना केस गेल्याचं दुःख स्तन गेल्यापेक्षा जास्त होतं. आम्ही आधीच बारीक कापून घेतले आणि मऊ सुती रुमाल आणले. कपाळाला कुंकू मोठं लावायला लागल्या. केमो संपल्यावर आले, ते कुरळे आले! नातू म्हणाला आजीनं पार्लरला पैसे घातले.

सोयाबीन_उत्पादक
जरा वेगळं. माझ्या चुलत्याला झाला होता. पुरुषाला. लोकांचा विश्वास बसत नाही. डॉक्टर म्हणाले शंभरात एखादा पुरुष असतो. चुलते लाजेनं सहा महिने बनियनवर रुमाल ठेवून फिरत होते. पुरुषांनी पण गाठ लागली तर दाखवा एवढंच.

शल्यचिकित्सक
धन्यवाद, हे लिहिलंत ते बरं केलं.

धाग्याच्या निमित्तानं सांगतो. टाटानं मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. मशीन नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकेनं दर दोन वर्षांनी फक्त हातानं तपासायचं. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीची मशीन तालुक्याला यायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक, पण हात शिकवता येतात. आपल्याकडे आशाताई प्रत्येक गावात आहेत. न दुखणारी गाठ, स्तनाचं आत ओढलेलं बोंड, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, बोंडातून रक्त, यातलं काही दिसलं की दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

वेचणारी
मी जास्त लिहित नाई. मोबाईलवर पोरगी टाईप करून देयाली. मव्हं ऑपरेशन होऊन लई वर्सं झाले. कापसाचं नाव बघून लिहायले.

ताई, तुमच्या माईला हाताचं सांगा. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूचा हात सुजतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी आले अन् पुढल्या हंगामात वेचायला गेले. पऱ्हाटीच्या बोंडाची टोकं बोटाला लागतेत, आपल्याला त्याचं काही वाटत नाई. रातच्याला हात लाल झाला, थंडी वाजून ताप. दवाखान्यात ठेवावं लागलं. तवापासून हात जाड राह्यलाय, बांगडी चढत नाई. त्या हातावर सुई नको, बीपीचा पट्टा नको. वेचायला जायचंच असलं तर हातमोजे घालून.

शल्यचिकित्सक
वेचणारीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

थोडी भर घालतो. 'त्या हातानं काहीच करू नका' हा जुना सल्ला, तो चूक. ऑपरेशननंतर लगेच हलके व्यायाम सुरू करायचे, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, नाहीतर खांदा आखडतो. पुढे काम हळूहळू वाढवायचं. भाकरी थापता येते, विळा धरता येतो. एकदम भरलेली घागर उचलायची नाही. खरचटलं तर धुऊन मलम लावायचं, हात लाल-गरम झाला तर त्याच दिवशी दाखवायचं. सूज आलीच तर दाबपट्टी आणि मसाज असतो, फिजिओथेरपिस्ट शिकवतात. लवकर गेलं तर आटोक्यात राहते.

रेडिएशन उन्हाळ्यात आलं तर कातडी काळी पडते, सोलते. सैल सुती झंपर, आणि त्या जागेवर तेल, हळद, पावडर काही नाही.

परभणीकर
आपल्याकडे मे महिन्यात रेडिएशन म्हणजे दोन सूर्य. कूलरवाली खोली बघा.

कापूसकोंडी
सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. रिपोर्ट आले. ईआर-पीआर दोन्ही पॉझिटिव्ह, हर-टू दोन प्लस. डॉक्टरसाहेबांनी इथे आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही, फिश करून घेतलं, निगेटिव्ह आलं.

आईला मी गावी जाऊन सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, फोडतच राहिली. म्हणाली, 'मग एवढे दिवस कुजबुज काउन चालू होती?' देवगिरीदादा, जेवण सोडलं नाही. आत्यावर मात्र जाम चिडली.

ठरवलं ते असं. परभणीच्या लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घेतले. मामाचा मान म्हणून नाही, पण दुसरं मत हवंच होतं, ते टाटाच्या डॉक्टरांकडून 'नव्या' या ऑनलाइन सोयीतून घेतलं. उत्तर आलं की आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन आणि पुढे गोळ्या. संभाजीनगरला दाखवलं तर त्यांनीही हाच क्रम सांगितला. मग मुंबईला कशाला. तिथंच नाव घातलं आहे. पहिली केमो झाली. लाल लघवीचं मी आधीच सांगून ठेवलं होतं.

देवगिरी_एक्सप्रेस
शब्द मागे घेतो, आणि आनंदानं घेतो. मत तिकडचं, औषध इकडचं, हे आम्हाला कुणी सुचवलंच नव्हतं. अर्ध्या रात्री जालन्याच्या फलाटावर काढायच्या वाचल्या असत्या.

बांधावरून
मामा काय म्हणले पण?

कापूसकोंडी
मामा म्हणतात की टाटानंच सांगितलंय ना, मग झालं. त्यांच्या हिशेबानं ते जिंकले.

गोदाकाठ
जिंकू द्या त्यांना, डब्याची पाळी मात्र लावून टाका. गोळ्यांचं आत्ताच डोक्यात ठेवा. टॅमॉक्सिफेन असो की लेट्रोझोल, रोज एक. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात आणि दोन वर्षांनी वाटतं की आता बरी आहे मी, कशाला घ्यायची. तिथंच बायका सोडतात. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर लगेच सांगायचं, आणि लेट्रोझोल असेल तर हाडांची तपासणी.

बोंडअळी
नवीन सभासद आहे. आमच्या आजीचं याच कामासाठी कार्ड बघितलं तर रेशन कार्डावर नाव 'सखूबाई' आणि आधारवर 'सखुबाई'. योजनेत अडकेल का?

परभणीकर
आधी जाऊन आरोग्यमित्राला दोन्ही कागद दाखवा. त्यानं अडवलं तरच तहसीलला दुरुस्तीला जा, नाहीतर उगाच त्या रांगेत महिना जाईल. दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स जवळ ठेवा, आणि एसटीत आजीचं वय ७५ च्या पुढे असेल तर तिकिटाचे पैसे देऊ नका, फुकट आहे.